निगुऱ्याची साधना: गुरू केला नसेल तर सुरुवात कुठून करायची

'गुरू केलाय का?' हा प्रश्न आपल्याकडे 'जेवण झालं का?' इतक्या सहज विचारतात, आणि नाही म्हटलं की 'निगुरा' हा शब्द तयारच असतो. सज्जनगडाच्या परिसरात राहून हा शब्द उडवून लावणंही सोपं नाही. खुद्द समर्थांनी दासबोधाच्या पाचव्या दशकाच्या पहिल्याच समासात सद्गुरूवाचून ज्ञान होणार नाही असं निक्षून सांगितलंय. मुंडकोपनिषदाचं म्हणणंही तेच: हातात समिधा घेऊन गुरूकडेच जावं, आणि तो श्रोत्रिय असावा, ब्रह्मनिष्ठही असावा. म्हणजे शास्त्र जाणणारा आणि ते जगणारा, दोन्ही एकाच माणसात. असा माणूस सहज सापडत नाही. मग काहीजण जन्मभर शोधतच राहतात, आणि काहीजण पहिला भेटेल त्याच्या पायावर डोकं ठेवून मोकळे होतात.

परंपरेतच तिसरी वाटही आहे. भागवताच्या अकराव्या स्कंधात 'आत्मनो गुरुरात्मैव' असं स्पष्ट वचन आहे, माणसाचा गुरू तो स्वतःच. पतंजलींची योगसूत्रं ईश्वराला पूर्वजांचाही गुरू म्हणतात. तुकोबांना बाबाजी चैतन्यांकडून 'रामकृष्ण हरि' हा मंत्र मिळाला तो स्वप्नात. रमण महर्षींना १८९६ साली मदुराईत, सोळाव्या वर्षी, कुणाही देहधारी गुरूशिवाय अनुभव आला. फक्त या मंडळींच्या मापानं आपला सदरा शिवायला जाऊ नये. त्यांची तयारी वेगळी होती आणि तळमळही.

गुरू नक्की काय करतो ते आधी वेगळं काढलं पाहिजे. तो काय करायचं ते सांगतो. चुकलं की पकडतो. शिष्याच्या 'मी'ला वेळोवेळी टोचतो. आणि चौथं काम म्हणजे अनुग्रह, म्हणजे कृपा, ते शब्दात मावत नाही. यातली पहिली तीन कामं दुसऱ्यांवर सोपवता येतात: पहिलं ग्रंथावर, दुसरं वहीवर आणि जाणत्या सोबत्यावर, तिसरं सेवेवर. चौथ्याचं नाटक करायचं नाही. गुरू नसलेल्याची साधना बिघडते ती बहुतेक वेळा एकाच कारणानं, ही तीन कामं कुणावरच सोपवलेली नसतात. माणूस पुस्तकं वाचतो, मोबाईलवर चार वक्ते ऐकतो आणि त्यालाच साधना म्हणतो.

ग्रंथ एकच धरा

पहिल्या वर्षी एकच मुख्य ग्रंथ. सातारा-सांगलीकडच्या माणसाला दासबोध सोयीचा पडतो. भाषा रोखठोक, विषय क्रमानं लावलेला, आणि बोलणं प्रपंचात बुडालेल्या माणसाशी आहे. २० दशक, प्रत्येकी १० समास, म्हणजे २०० समास आणि ७७५१ ओव्या. रोज एक समास धरला तर सरासरी ३८-३९ ओव्या होतात. मोठ्यानं वाचायला दहा-बारा मिनिटं लागतात. प्रत 'सार्थ' घ्या. नुसत्या संहितेत जुने शब्द अडतात, आणि अडलेला माणूस अंदाजानं अर्थ लावून पुढे सरकतो.

दासबोधाआधी ४१ दिवस मनाचे श्लोक. एकूण २०५ आहेत, रोज पाच म्हटले की बरोबर ४१ दिवसांत संपतात. यात रोज ठरल्या वेळी बसायची सवय लागते आणि ती किती टिकते तेही कळतं. हे ४१ दिवस ज्याला पुरे करता आले नाहीत त्यानं दासबोध विकत आणायची घाई करू नये, मनाचे श्लोकच पुन्हा पहिल्यापासून म्हणावेत.

४१ आणि २०० मिळून २४१ दिवस होतात. वर्षाचे उरलेले १२४ दिवस नवीन ग्रंथ काढायचा नाही. दासबोधातलेच काही समास परत: दुसऱ्या दशकातली मूर्खलक्षणं आणि पढतमूर्खलक्षणं (पुस्तकी साधकासाठी शेवटचा हा समास दर महिन्याला एकदा वाचावा असाच आहे), पाचव्या दशकातले बद्ध, मुमुक्षू, साधक, सिद्ध हे चार समास, आणि आठव्या दशकातला दुश्चित्तपणाचा सहावा समास. ज्ञानेश्वरी दुसऱ्या वर्षी. नऊ हजारांच्या आसपास ओव्या आहेत, रोज पंचवीस वाचल्या तर वर्षात पुरी होते. पहिल्याच महिन्यात ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय उघडून कुंडलिनीच्या ओव्या शोधणारे बरेच असतात. त्यांच्याविषयी पुढे.

वाचताना एक ओवी निवडायची आणि वहीत तीन ओळी लिहायच्या: ओवीचा अर्थ आपल्या बोलीत, तिच्यावर आपला आक्षेप, आणि आज ती कुठे लागू पडते. आक्षेपाची ओळ रिकामी सोडू नका. शंका लिहिली की ती पुढच्या समासात सुटते किंवा कुणाला विचारता येते. मनातच ठेवली तर ती कुजते.

जप: कोणता, किती, कसा

दीक्षेशिवाय बीजमंत्र आणि तांत्रिक मंत्र घ्यायचे नाहीत. नाममंत्राला मात्र नामसंप्रदायात कसलीच आडकाठी नाही. 'श्रीराम जय राम जय जय राम' हा तेरा अक्षरी मंत्र गोंदवल्याच्या ब्रह्मचैतन्य महाराजांनी (१८४५-१९१३) माणदेशात घरोघरी पोहोचवला. वारकरी घर असेल तर 'रामकृष्ण हरि' आणि हरिपाठ. घरात जे नाम आधीपासून चालतं तेच घ्या. नाम बदलत राहणं ही नवख्याची पहिली चूक. दोन महिन्यांनी कंटाळा येतो, माणूस कंटाळ्याचं खापर नामावर फोडतो आणि दुसरं शोधतो. मग तिथेही दोन महिन्यांनी तेच.

माळ १०८ मण्यांची, तुळशीची किंवा रुद्राक्षाची. मधल्या बोटावर धरून अंगठ्यानं मणी आत ओढायचा, तर्जनी लावायची नाही. मेरुमणी (माळेच्या टोकाचा मणी) ओलांडायचा नाही, तिथून माळ उलटी फिरवायची. हिशोब धरताना माळेचे १०० धरतात आणि ८ चुकलेल्यांसाठी सोडतात. ही रीत पाळावी, चुका गृहीत धरल्या की मोजण्याचा जाच कमी होतो.

तेरा अक्षरी मंत्राला सावकाश अडीच सेकंद लागतात, म्हणजे एका माळेला साधारण साडेचार मिनिटं. पहिले ४१ दिवस तीन माळा, पुढचे शंभर दिवस सहा, मग दहा. दहा माळांना पाऊण तास लागतो आणि नोकरदाराला तेवढं पुष्कळ आहे. रोज दहा माळांचे हजार धरले तर अक्षरामागे लाख या हिशोबानं तेरा लाख जपाला १३०० दिवस लागतात, साडेतीन वर्षांहून थोडे जास्त. समर्थांनी नाशिकजवळच्या टाकळीला बारा वर्षांत तेरा कोटी जप केला असं परंपरा सांगते. माळेचे १०० धरून भागाकार करून पाहा, रोजच्या जवळजवळ २९७ माळा होतात. हा आकडा ऐकून संकल्प सोडायचा मोह होतो. सोडू नका.

आधी ओठ हलवून ऐकू येईल एवढ्या आवाजात, मग पुटपुटत, मग मनात. थेट मनातल्या जपानं सुरुवात केली की पाचव्या मिनिटाला ऊसबिलाचा हिशोब सुरू होतो आणि माळ आपोआप फिरत राहते. माळ संपली आणि एकही नाम आठवत नसेल तर ती मोजायची नाही. अशा दिवशी माळ ठेवून लिखित जप करावा, वहीचं एक पान. हात लिहीत असताना मन फार लांब पळत नाही.

जागा आणि वेळ

ब्राह्ममुहूर्त म्हणजे सूर्योदयाआधी ९६ मिनिटांनी सुरू होणारी ४८ मिनिटं. आपल्या भागात सूर्य मेअखेरीस सहाच्या आसपास उगवतो आणि जानेवारीत सातच्या पुढे, तेव्हा ही वेळ उन्हाळ्यात पहाटे साडेचारच्या सुमारास येते आणि थंडीत साडेपाचला. जमलं तर उत्तम. पण ज्याच्या गोठ्यात जनावरं आहेत त्याची ती धारांची वेळ असते. त्यानं डेअरीला दूध घालून आल्यावर बसावं. शेतीपंपाची लाईट रात्रीची असते त्या आठवड्यात माणूस मध्यरात्री उसाला पाणी धरून येतो. त्यानं पहाटेचा हट्ट धरला की माळेवरच डुलकी लागते. एमआयडीसीत पाळी बदलते तेव्हाही तसंच. म्हणून वेळ घड्याळाशी न बांधता कामाशी बांधा: 'उठल्यावर अंघोळ, अंघोळीनंतर बैठक'. पाळी बदलली तरी क्रम बदलत नाही.

आसनाला घोंगडी चांगली, चौघडी करून वर सुती पंचा. गीतेतही आसन खाली गवताचं, वर कातडं, वर वस्त्र असं थरांचं सांगितलंय, फार उंच नाही आणि फार खाली नाही. गुडघे दुखत असतील तर खुर्चीवर बसा, पाठ टेकू नका. टेकली की दहा मिनिटांत पेंग येते. तोंड कुठल्या दिशेला यावर वाद घालण्यापेक्षा मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवलेला बरा.

पेंगेचं दुसरं कारण पोटात असतं. रात्री नऊला भाकरी-पिठलं भरपेट खाऊन पहाटे बसलं की शरीर झोपच मागणार. एकादशीलाही हाच घोळ होतो. उपवास म्हणून शेंगदाण्याचा कूट घातलेली साबुदाण्याची खिचडी दोनदा, वर बटाट्याचा कीस. वरईची भगर आणि ताक पुरतं. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपवास करू नये.

माळ ठेवल्यानंतरची दहा मिनिटं

खरी साधना इथे आहे, आणि बहुतेक जण नेमके इथे उठतात. माळ ठेवली की तसंच बसायचं. आधी श्वास आत जाताना आणि बाहेर येताना फक्त बघायचा, लांबवायचा किंवा रोखायचा नाही. दोन-तीन मिनिटांनी बघण्याचं काम आत वळवायचं. मांडी दुखतेय, हे मला कळतंय, म्हणजे दुखणं समोर आहे आणि कळणारा मागे. बाहेर एसटीचा हॉर्न वाजला, तोही कळला. शेजाऱ्याच्या बांधाचा राग आला, तोही कळला. जे जे कळतं ते ते 'मी' नव्हे. मग ज्याला कळतं तो कोण? इथे थांबायचं. उत्तर शब्दात द्यायचं नाही.

चुकतं ते इथेच. 'मी ब्रह्म आहे' हे वाक्य वाचलेलं असतं, मन ते लगेच पुढे करतं आणि प्रश्न बंद पडतो. ते वाक्यही कळलेलंच एक वाक्य आहे, तेही समोरच ठेवा. दुसरी चूक म्हणजे डोळ्यांपुढे प्रकाश दिसला, कानात नाद आला की त्याचा पाठलाग करणं. दिसू द्या, जाऊ द्या. दिसलेलं चारचौघांत सांगायचं नाही. एकदा सांगितलं की पुढच्या वेळी सांगण्यासाठीच दिसायला लागतं.

पहिल्या सहा महिन्यांत ही दहा मिनिटं वाढवू नका. जपानं मन थोडं बसल्याशिवाय विचार लावला की त्याची नुसती बडबड होते.

वही

रोज रात्री पाच मिनिटं. शंभर पानी साधी वही, चार रकाने: माळा किती, बैठक किती मिनिटं, आज राग किती वेळा आला आणि किती वेळ टिकला, आज खोटं कुठे बोललो. अनुभवांचा रकाना ठेवू नका.

प्रगती मोजायची ती तिसऱ्या आणि चौथ्या रकान्यात. राग येणं बंद होत नाही, पण सकाळचा राग आधी संध्याकाळपर्यंत पुरायचा तो दुपारी विरत असेल तर काहीतरी चाललंय. माळा वाढल्या आणि घरच्यांवरचा आवाजही वाढला, तर साधना 'मी'च्या पोटात जातेय. अशा वेळी माळा निम्म्या करा आणि सेवेचा वेळ दुप्पट. समर्थांचा क्रम आठवा: आधी प्रपंच नेटका, मग परमार्थविवेक. कारभारणीवर सगळं टाकून देवघरात दोन तास बसणारा माणूस यात बसत नाही.

योगसूत्रांत नऊ अडथळे सांगितलेत: व्याधी, स्त्यान, संशय, प्रमाद (बेफिकिरी), आलस्य, अविरती (विषयांची ओढ न सुटणं), भ्रांतिदर्शन (चुकीची समज), अलब्धभूमिकत्व (पुढची पायरी हाती न लागणं), अनवस्थितत्व (लागलेली न टिकणं). महिन्याच्या शेवटी वही उलटून यातला कुठला भेटला ते लिहायचं. साधारण दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात स्त्यान येतं, म्हणजे मनाचं जड होणं. आळस वेगळा आणि हे वेगळं. आळशाला बसायचंच नसतं. स्त्यान आलेला बसतो, पण आत सगळं कोरडं. त्यावर नवं काही करायचं नसतं, वेळ थोडी कमी करून रोजचा क्रम चालू ठेवायचा. 'दीर्घकाळ, खंड न पाडता, आदरानं' अशा तीन अटी पतंजलींनी अभ्यासाला घातल्यात. तिसरी बहुतेकांच्या लक्षातच राहत नाही.

विचारायचं कुणाला, सेवा कुठे

महिन्यातून एकदा तरी आपली वही आणि शंका कुणापुढे तरी ठेवल्या पाहिजेत. त्यासाठी गुरू लागत नाही, जाणता माणूस लागतो. गावातल्या अखंड हरिनाम सप्ताहाला येणारे कीर्तनकार, वर्षानुवर्षं ज्ञानेश्वरीचं पारायण करणारे निवृत्त गुरुजी, वारी चुकवली नाही अशी एखादी आजी. प्रश्न ग्रंथातला विचारायचा: 'या ओवीचा अर्थ मला असा लागतो, बरोबर आहे का?' 'माझं कसं होईल?' असं विचारलं की समोरचा ज्योतिषी बनतो, त्याला इच्छा नसली तरी.

ज्ञान मिळवायला गीतेनं सांगितलेल्या प्रणिपात (नमस्कार), परिप्रश्न (विचारणं), सेवा या तिघांपैकी सेवा सगळ्यात आधी धरावी. आठवड्याला दोन तास, ठरलेल्या दिवशी. गोंदवल्याला किंवा गडावर प्रसादाच्या पंगतीत वाढणं, विसर्जनानंतर कृष्णेचा घाट झाडणं, सरकारी दवाखान्यात एकट्या आलेल्या म्हाताऱ्याबरोबर रांगेत उभं राहणं. ज्या सेवेचा फोटो निघाला ती वहीत मांडायची नाही.

वर्षातून एकदा चालायला जा. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात येते. लोणंद ते तरडगाव हा टप्पा नवख्यालाही जमतो, आणि वाटेत चांदोबाचा लिंब इथे पहिलं उभं रिंगण होतं. दिंडीत 'तुम्ही कोण?' असं कुणी विचारत नाही, समोरचाही 'माउली' आणि तुम्हीही. 'मी'ला टोचण्याचं काम तिथे आपोआप होतं. अकरा मारुतींपैकी सात सातारा जिल्ह्यात आहेत, बहे-बोरगाव आणि शिराळा सांगलीत, मनपाडळे आणि पारगाव कोल्हापुरात. गाडी करून एका दिवसात अकरा उरकले तर ती सहल झाली. एका रविवारी एकच, आणि तिथे तासभर बसून जप.

चोवीस गुरू, वर्षभर

यदु राजा आणि अवधूत नावाचा विरक्त संन्यासी यांचा संवाद एकनाथी भागवतात सातव्या ते नवव्या अध्यायात आहे. अवधूतानं पृथ्वी, वारा, अजगर, पतंग, मधमाशी, बाण करणारा असे चोवीस गुरू केले. पंधरवड्याला एक धरला तर वर्ष भरतं. पावसाळ्यात ट्यूबलाईटवर झेपावणारे किडे हा पतंगाचा पंधरवडा: त्या दिवसांत आपण कशावर असे झेपावतो ते वहीत. कांडण करताना कांकणं वाजतात म्हणून एकेक उतरवून एकच ठेवणारी कुमारी: त्या पंधरवड्यात जिथे दोन माणसं जमतात तिथे आपण किती अनावश्यक बोललो. बाण करणाऱ्याला समोरून राजा गेलेला कळला नाही: त्या पंधरवड्यात रोजचं एक काम, भांडी घासणं का असेना, फोनला हात न लावता पुरं करायचं. हा अभ्यास पोरखेळ वाटतो, पण करून बघितल्यावर तसा वाटत नाही.

हे करू नका

पुस्तक किंवा व्हिडिओ बघून कुंभक (श्वास रोखणं), बंध (स्नायू आवळून धरणं) आणि कुंडलिनी जागृतीचे प्रयोग. रक्तदाब, हृदयविकार, फिट येण्याचा त्रास किंवा गर्भारपण असेल तर भस्त्रिका, म्हणजे भात्यासारखा जोरजोरात श्वास, तीही नको. साधना वाढवल्यावर सलग दोन-तीन रात्री झोप न लागणं, आवाज ऐकू येणं, 'मला विशेष कामासाठी निवडलंय' असं ठामपणे वाटणं, जेवण सुटणं, यातलं काहीही दिसलं तर बैठक त्याच दिवशी थांबवून मानसोपचारतज्ज्ञाकडे जायचं. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक दिवसरात्र चालू असतो. घरच्यांनी हे 'अंगात आलं' म्हणून देवऋष्याकडे नेऊ नये. आधीपासून मानसिक आजाराची औषधं चालू असतील तर ती साधनेच्या भरवशावर बंद करायची नाहीत.

आणि गुरू म्हणून कुणी समोर आलाच, तर दार बंद करू नका, पण वर्षभर बघा. समर्थांची कसोटी पाचव्या दशकाच्या दुसऱ्या समासात आहे: जे शिष्याला साधन करायला लावत नाहीत, इंद्रियदमन करायला लावत नाहीत, असे गुरू 'अडक्याचे तीन मिळाले तरी' टाकावेत. अडका म्हणजे फुटकळ नाणं. पैसे कुठे जातात, बायकांशी एकांतात भेट मागतो का, प्रश्न विचारल्यावर चिडतो का, घरच्यांपासून तोडतो का, औषध बंद करायला सांगतो का, एवढं पाहिलं तरी निम्मे गळतात. चमत्कार दाखवून फसवणं, लुबाडणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. त्या कायद्यासाठी झटलेले डॉ. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचेच होते. साधकानं त्यांना परमार्थाचे वैरी समजण्याचं काही कारण नाही, भोंदू ओळखण्याचं काम दोघांचंही आहे.

खंड पडला तर

लग्नसराई, सुगी, आजारपण, सुतक, यात क्रम मोडतोच. नामाला सोवळं-ओवळं लागत नाही असं नामसंप्रदाय मानतो, त्यामुळे सुतकात किंवा पाळीच्या दिवसांत देवपूजा बंद असली तरी जप चालू ठेवायला हरकत नाही. ताप असेल तर पडल्या पडल्या एक माळ. अगदीच नाही जमलं तर वहीत त्या तारखेपुढे शून्य लिहायचं, जागा कोरी ठेवायची नाही. पुन्हा बसाल तेव्हा तीन माळांपासून. बुडालेल्या माळांची उधारी फेडायला एका रविवारी चाळीस माळा घेऊन बसू नये. उधारी डोक्यावर चढली की माणूस वहीच उघडायचं टाळतो.